निवाऱ्यासाठी गुंतवणूक : दान नव्हे, नफेखोरीही नव्हे

जालना जिल्ह्यातील वाटूरसारख्या गावांतून पोटापाण्यासाठी शहराकडे जाणाऱ्या कुटुंबांना आपण सारे ओळखतो. जालन्यात, छत्रपती संभाजीनगरात वा पुण्यात त्यांना काम मिळते. घर मात्र मिळत नाही. रोजंदारीवर राबणाऱ्याकडे पगाराचा दाखला नसतो, म्हणून बँक कर्ज देण्यास कचरते. बांधकाम व्यावसायिकास मोठ्या घरांतच अधिक नफा दिसतो. या पेचावर आज ‘सामाजिक हेतूची गुंतवणूक’ हा एक मार्ग सुचविला जातो. तो समजून घेणे अगत्याचे आहे.

दान दिलेला पैसा परत येत नाही. नेहमीच्या गुंतवणुकीत पैसा वाढतो. परंतु त्याने कोणाचे भले झाले, हे कोणी विचारीत नाही. सामाजिक हेतूच्या गुंतवणुकीत मुद्दल परत येणे अपेक्षित असते, मोबदला बहुधा माफक असतो आणि किती गरजूंना घर मिळाले, याचाही हिशेब ठेवला जातो. परत आलेली रक्कम पुढच्या कुटुंबाच्या कामी येते.

हे नाव नवे असले, तरी विचार आपल्याला परका नाही. १९१८ साली वसईत मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला गेला. त्याच वर्षी वांद्रे येथे सालसेट कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. एकट्याला न झेपणारे काम अनेकांच्या लहान बचतींनी साधावे, हेच सहकाराचे सूत्र होते.

अगदी गरिबांसाठी हे सूत्र कसे राबवता येते, याचे उदाहरण सोलापूरनजीक कुंभारी येथे आहे. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने महिला विडी कामगारांनी सहकारी संस्था उभारली. कामगारांचा स्वतःचा वाटा आणि केंद्र व राज्य शासनाचे साहाय्य यांतून १०,००० घरांची गोदुताई परुळेकर वसाहत साकारली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतरण झाले. पुढे तेथेच ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यांपैकी १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. विड्या घरीच वळल्या जातात. त्यामुळे या स्त्रियांसाठी घर म्हणजे निवाराही आणि कामाची जागाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ भांडवलाने घर स्वस्त होत नाही. जमीन परवडणारी हवी, शासनाचा हातभार हवा आणि राहणाऱ्यांची संघटित बचत हवी. जेथे घराची किंमत सर्वस्वी बाजारावर सोपविली जाते, तेथे ते गरिबाच्या हातून निसटते.

परमगुरुपीठाच्या सामाजिक शास्त्र अकादमीने २०२२ साली ‘मेन्सुराम बोनाम’ म्हणजे ‘चांगले माप’ या नावाने श्रद्धेशी सुसंगत गुंतवणुकीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. गुंतवणूक मोजताना केवळ व्याजाचे माप पुरेसे नाही, हे त्या नावातच सूचित होते.

तथापि, चांगल्या हेतूच्या नावाखाली फसवणूकही होऊ शकते. म्हणून पैसे गुंतविण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. संस्था नोंदणीकृत आहे काय? जमिनीचा सातबारा कोणाच्या नावे आहे? प्रकल्पास महारेराचा क्रमांक आहे काय? हिशेब तपासनिसाकडून तपासला जातो काय? बँकेतील ठेवींना असलेले ५ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण पतसंस्थेतील ठेवींना लागू नाही, हेही ध्यानी ठेवावे. गरिबाच्या घरासाठी गुंतविलेली बचत बहुधा दुसऱ्या गरिबाचीच असते. ती सुरक्षित राखणे हा त्या सामाजिक हेतूचाच भाग होय.