विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय बंद पडते?

संगमेश्वर तालुक्याचे तहसील कार्यालय देवरूखमध्ये आहे. सातबारा, फेरफार आणि दाखल्यांसाठी गावोगावची माणसे एसटी पकडून येथे येतात. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे उत्तर मिळाले, तर भाडेही जाते आणि दिवसाची मजुरीही. मात्र या दोन शब्दांमागे वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. नेमका कोणता बिघाड आहे हे कळले, तर एखादा हेलपाटा नक्की वाचू शकतो.

सर्व्हर असतो कुठे?

मागणी आली की माहिती पुरवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. कार्यालयातील टेबलावरचा संगणक किंवा आपल्या हातातला मोबाइल हा सर्व्हर नव्हे. तो मागणी करणारा, म्हणजे ‘क्लायंट’. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपये भरून मोबाइलवर उतरवून घेतला जातो, तेव्हा तो देवरूखच्या कपाटातून येत नाही. दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवरून येतो. अखंड वीज, थंड हवा आणि एकापेक्षा अधिक केबलजोडण्या असलेली इमारत म्हणजे डेटा सेंटर. ‘क्लाऊड’ही ढगात नसतो. अशाच इमारतींतील, गरजेप्रमाणे वापरायला मिळणारे संगणक म्हणजे क्लाऊड.

मागणी तिथपर्यंत कशी पोहोचते?

इंटरनेटवरील प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा आयपी पत्ता असतो. जुन्या, चौथ्या आवृत्तीत असे सुमारे 430 कोटीच पत्ते शक्य होते. ते अपुरे पडल्याने सहावी आवृत्ती आली. आकडे लक्षात ठेवणे कठीण, म्हणून आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो. त्या नावाचा आयपी पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. तिची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये मांडली.

यापुढचा शब्द ‘पोर्ट’. इमारतीचा पत्ता एकच, पण आत गाळे अनेक, तसे हे. सुरक्षित संकेतस्थळे साधारणपणे 443 क्रमांकाच्या पोर्टवरून चालतात. कोणता गाळा कोणासाठी उघडायचा हे ठरवणारा पहारेकरी म्हणजे फायरवॉल.

मग बंद काय पडते?

या साखळीतील कोणतीही कडी. रस्त्याच्या खोदकामात किंवा दरडीत फायबर तुटते. वादळात वीज आणि टॉवर जातात. जून 2020 मधील निसर्ग चक्रीवादळात रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागाने ते अनुभवले. कधी डीएनएस चुकते, कधी एकाच वेळी हजारो मागण्या आल्याने सर्व्हर गुदमरतो. पडद्यावर मात्र फिरणारे चक्र तेच दिसते.

कडी शोधण्याचे साधे साधन म्हणजे ‘पिंग’. माइक मूस यांनी 1983 मध्ये ते तयार केले. सर्व्हरला हाक मारायची आणि उत्तराला किती वेळ लागला ते मोजायचे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे 300 किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला सेकंदाचा केवळ 3 हजारावा भाग पुरतो असे नव्हे, पण हजार भागांतील 3 भाग पुरतात. त्यामुळे पान मिनिटभर उघडत नसेल, तर दोष अंतराचा नसून गर्दीचा किंवा बिघाडाचा असतो. मात्र फायरवॉल पिंगची हाक अडवू शकते. उत्तर आले नाही म्हणजे सर्व्हर बंदच आहे, असे नाही.

दुरुस्ती दुरून कशी होते?

सर्व्हर सांभाळणारा तंत्रज्ञ बहुधा दुसऱ्याच शहरात असतो. पूर्वी ‘टेलनेट’ने दूरच्या संगणकावर काम करत, पण त्यात पासवर्ड उघडाच जाई. 1995 मध्ये फिनलंडमधील टाटू उलोनेन यांनी ‘एसएसएच’ तयार केले. त्यात संपूर्ण संवाद सांकेतिक रूपात जातो आणि पासवर्डऐवजी कुलूप-किल्लीसारखी डिजिटल जोडीही वापरता येते. त्याचे ठरलेले पोर्ट 22.

पण जाळेच कोसळले तर दुरून पोहोचणार कसे? 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. देखभालीतील चुकीने जोडणी तुटली, दुरून शिरण्याचे मार्गही बंद झाले आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटर गाठावे लागले. म्हणूनच मोठ्या सर्व्हरना देखभालीसाठी वेगळी, स्वतंत्र जोडणी ठेवली जाते.

मोबाइलधारकाचा याच्याशी संबंध काय?

दुरून ताबा घेण्याचे हेच तंत्र भामटेही वापरतात. ‘बँकेतून बोलतोय, हे ॲप घ्या, आलेला नऊ आकडी कोड सांगा’ असे सांगून फोनचा पडदा ताब्यात घेतला जातो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच अशा फसवणुकीचा इशारा दिला होता. कोड सांगणे म्हणजे घराची किल्ली देणे. पैसे गेल्यास विनाविलंब 1930 वर कळवावे.

‘सर्व्हर डाऊन’ ऐकल्यावर काय करावे?

‘लाइन बंद आहे की पोर्टल?’ एवढे विचारावे. मोबाइलवर इतर संकेतस्थळे उघडत असतील आणि तेच पोर्टल उघडत नसेल, तर बिघाड बहुधा पोर्टलचा. मग दुसऱ्या केंद्रावर जाऊनही उपयोग नाही. मोबाइलवर पोर्टल उघडत असेल, तर बिघाड त्या कार्यालयाच्या लाइनचा असू शकतो. अशा वेळी दुसऱ्या कंपनीची जोडणी असलेल्या केंद्रावर काम होऊ शकते. पैसे कापले गेले आणि उतारा आला नाही, तर लगेच पुन्हा पैसे भरू नयेत. व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. आणि लांबच्या गावातून निघण्यापूर्वी एक फोन करून पोर्टल सुरू आहे का, हे विचारून घ्यावे.