दहा दिवसांचा फरक

स्वादुपिंडाच्या कर्करोगावर एर्लोटिनिब ही गोळी कितपत उपयोगी पडते, हे पाहण्यासाठी ५६९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. जेमसायटाबिन हे नेहमीचं औषध सगळ्यांनाच दिलं होतं. निम्म्यांना जोडीला एर्लोटिनिब, बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. पहिल्या गटाचा मध्यक जीवनकाळ ६.२४ महिने निघाला, दुसऱ्याचा ५.९१. फरक साधारण दहा दिवसांचा. संख्याशास्त्राने तो ‘सिग्निफिकंट’ ठरवला. तो ‘इम्पॉर्टंट’ आहे का, हे संख्याशास्त्राला कुणी विचारलंच नव्हतं.

गोळी अगदी निरुपयोगी असती, तरी केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? सिग्निफिकंट ठरवताना मांडतात ते गणित एवढंच. इथे उत्तर आलं ०.०३८. ते ०.०५ च्या आत, म्हणून पास. ही ०.०५ ची वेस रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवली. पुढे तिचं असं सोवळं झालं, की ०.०४९ आले तर पेढे आणि ०.०५१ आले तर सुतक!

शिवाय रुग्णांची संख्या पुरेशी वाढवली, की नखाएवढा फरकही ही वेस ओलांडतो. उलट, मोजक्या रुग्णांच्या चाचणीत खरोखर गुणकारी औषधही वेशीच्या अलीकडेच अडकू शकतं. मग ‘सिग्निफिकंट नाही’ याचा अर्थ ‘उपयोग नाही’ असा लावून लोक मोकळे होतात. निकालाचं महत्त्व किंवा परिणामाचा आकार या शक्यतेच्या आकड्यावरून कळत नाही, असं अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं. बातम्यांत मात्र अजूनही सिग्निफिकंटचं बेधडक ‘लक्षणीय’ होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, केवढा मोठा फरक!

एर्लोटिनिबचं महत्त्व ठरवायचं तर दहा दिवसांवरही थांबता येत नाही. वर्षभरानंतर हयात असलेले रुग्ण एर्लोटिनिबच्या गटात २३ टक्के होते, दुसऱ्यात १७. ही जमेची बाजू. गोळीमुळे अंगावर उठणारं पुरळ, जुलाब आणि औषधाचा खर्च खर्चाच्या बाजूला. हा हिशेब रुग्णाने आणि डॉक्टरांनी समोरासमोर बसून मांडायचा असतो, आणि एकाच आकड्यांवरून दोन रुग्ण दोन वेगळे निर्णय घेऊ शकतात.