गंबो, भेंडी आणि पंगत: केजन-क्रिओल हॉटेलात जेवायला जाताना

(हा एपिसोडचा लेखी मजकूर. मधले "अं… अं…" आणि चहाचे घोट गाळले आहेत, बाकी जसं बोललो तसंच.)

इयरफोन लावलेत ना? जेवण झालं असेल तर बरंच आहे, कारण आज ऐकता ऐकता भूक लागणार आहे.

आपली एक ऐकणारी मैत्रीण अमेरिकेत ह्यूस्टनला शिकते. तिची व्हॉइस नोट आली: "दादा, मित्रांनी मला एका केजन-क्रिओल हॉटेलात नेलं. आत अकॉर्डियन वाजतंय, लोक टेबलांच्या मधे नाचतायत. शेजारच्या टेबलावर वेटरनं कागद अंथरला आणि त्यावर लालभडक कोळंबीसारखं काहीतरी ढीगभर ओतलं. मी मेनूकार्ड तीनदा उलटसुलट केलं आणि शेवटी फ्राइज मागवले!"

तर आजचा एपिसोड त्या फ्राइजसाठी. पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून. आणि आणखी एका कारणासाठी, पण ते जरा पुढे सांगतो.

केजन कोण, क्रिओल कोण?

दोन्ही शब्द अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यातले. जोडीनं येतात, म्हणून आपल्याला एकच वाटतात.

केजन म्हणजे मूळचे आजच्या कॅनडातल्या अकेडिया भागात राहणारे फ्रेंच शेतकरी. १७५५ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना तिथून हाकलायला सुरुवात केली. कुटुंबंच्या कुटुंबं जहाजांत भरून पाठवली. त्यातले बरेच जण पुढच्या काही दशकांत लुइझियानाच्या दलदलीच्या आणि गवताळ भागांत येऊन वसले. "अकेडियन"चं बोलता बोलता "केजन" झालं. हे स्वयंपाकघर खेड्यातलं: एक मोठं भांडं, जे मिळेल ते त्यात, आणि सगळं घर त्यावर जेवणार.

क्रिओल हे मुख्यतः न्यू ऑर्लिन्स शहराचं जेवण. फ्रेंच आले, स्पॅनिश आले, गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक आले, इथले मूळ रहिवासी होतेच. या सगळ्यांच्या हातचं मिळून जे झालं ते क्रिओल. यात टोमॅटो, लोणी, साय जरा सढळ हातानं. म्हणून एक सोपी खूण: भात लालसर दिसला तर बहुधा क्रिओल, तपकिरी दिसला तर बहुधा केजन. पण यावरून तिथल्या माणसाशी वाद घालू नका. कोल्हापूरचा तांबडा रस्सा खरा कुणाचा, यावर जेवढं भांडण होऊ शकतं, तेवढंच तिथेही होतं.

गंबो: म्हणजे भेंडीच की!

गंबो हा दाट रस्सा. भातावर ओतून खातात. त्यात चिकन असतं, धुरावलेलं सॉसेज असतं, कोळंबी, खेकडा, काहीही. पण नाव कशावरून आलं माहितीये? बहुतेक अभ्यासकांच्या मते, आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधल्या भेंडीच्या शब्दावरून.

आपण भेंडी करताना तिची बुळबुळ जाईपर्यंत परतत बसतो, वर आमसूल नाहीतर लिंबू. तिथे उलटं. बुळबुळ हवी असते, कारण तीच रस्सा दाट करते. भेंडी नसेल तर ससाफ्रास नावाच्या झाडाची वाळवलेली पानं कुटून केलेली पूड वापरतात. तिला म्हणतात फीले. ही देणगी चॉक्टॉ या मूळच्या रहिवाशांची. ती भांडं खाली उतरवल्यावर घालायची, उकळत्यात घातली की तार सुटते.

आणि पाया कशाचा? तेलात किंवा तुपात मैदा भाजायचा, त्याला रू म्हणतात. लाडवासाठी बेसन भाजलंय कधी? तसंच. हात थांबवायचा नाही, फोन बघायचा नाही. गडद गंबोसाठी तो चॉकलेटच्या रंगावर न्यायचा. काळे ठिपके दिसले की करपला, टाकून द्या आणि परत पहिल्यापासून. मग त्यात कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी. या तिघांना तिथे चक्क "पवित्र त्रयी" म्हणतात.

म्हणजे बघा, फ्रेंचांचा रू, आफ्रिकेची भेंडी, चॉक्टॉंची पूड. एका वाटीत सगळे शेजारी शेजारी बसलेत. हे लक्षात ठेवा, परत यायचंय इथे.

मेनूकार्ड हातात आलं की

जंबलाया: मांस, मसाले, तांदूळ सगळं एकाच भांड्यात. आपल्या मसालेभाताचा मांसाहारी चुलतभाऊ.

एटूफे: झाकण ठेवून मंद शिजवलेला दाट रस्सा, भातावर वाढलेला.

पो-बॉय: लांब पावातलं भरगच्च सँडविच. नावामागची प्रसिद्ध गोष्ट अशी, की १९२९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ट्राम कामगारांनी संप केला. पूर्वी स्वतः ट्रामवर काम केलेल्या मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना फुकट सँडविचं दिली. कुणी दारात आला की "आला बघ आणखी एक पुअर बॉय", म्हणजे बिचारा. तेच नाव चिकटलं.

राजमा आणि भात: हो, राजमा-चावल! तिथे हा सोमवारचा बेत. सोमवार कपडे धुण्याचा दिवस, मग शेंगदाणे भाजण्याएवढंही लक्ष द्यायला वेळ नाही. राजमा चुलीवर चढवायचा आणि कपड्यांकडे वळायचं.

क्रॉफिश: कागदावर ओतलेला तो लाल ढीग! गोड्या पाण्यातला, छोट्या लॉब्स्टरसारखा जीव. काटा-चमचा मागू नका. शेपूट पिळून सोलायची, डोकं चोखायचं. खेकड्याची नांगी फोडून खाणाऱ्या कोकणी माणसाला शिकवायची गरजच नाही.

शाकाहारी मंडळींनी मात्र विचारूनच मागवा. राजम्यात नि हिरव्या भाजीतही बरेचदा डुकराचं मांस असतं.

आणि ते संगीत? नुसतं अकॉर्डियन आणि फिडल असेल तर केजन. एखादा वादक छातीवर पत्र्याचं जाकीट घालून ते चमच्यांनी खरवडत असेल तर ते झायडेको, कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं. १९२१ च्या राज्यघटनेनं लुइझियानाच्या शाळांत फक्त इंग्रजी आणली. फ्रेंच बोललं म्हणून पोरांना शिक्षा व्हायची. भाषा घरातून हळूहळू आटली, पण गाण्यात आणि ताटात टिकली.

पण टेबलावर कोण बसणार?

आता ते दुसरं कारण. वाटीत सगळे एकत्र होते म्हटलं ना? टेबलावर नव्हते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत न्यू ऑर्लिन्समध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय यांनी हॉटेलात एकत्र जेवायचं नाही, असाच कायदा आणि रिवाज. ज्यांच्या हातानं गंबो ढवळला जायचा, त्यांना पुढच्या दालनात खुर्ची नाही. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पंगत कुणाची वेगळी, पाणी कुणाला वरून, हे आपण केलेलं आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा.

लीया चेस नावाची एक क्रिओल मुलगी त्या काळात फ्रेंच क्वार्टरमधल्या हॉटेलात वेट्रेस होती. तिथलं जेवण ती वाढत होती, पण तिच्यासारख्यांना गिऱ्हाईक म्हणून तिथे जागा नव्हती. पुढे तिचं लग्न झालं ते ट्रेमे भागातल्या डूकी चेस रेस्टॉरंटच्या घरात. १९४१ च्या सुमारास सुरू झालेलं, सँडविचं विकणारं छोटं दुकान. लीयानं ठरवलं, इथे पांढरे टेबलक्लॉथ येणार, नीट मांडलेले काटे-चमचे येणार, आपल्या लोकांना मानानं वाढलं जाणार. सुरुवातीला तिनं बड्या हॉटेलांतली लॉबस्टर थर्मिडोर करून बघितली. गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं. मग ती घरच्या गंबोवर आली.

वरच्या मजल्यावर नागरी हक्क चळवळीच्या बैठका व्हायच्या, गोरे-काळे एकत्र. म्हणजे तिथे नुसतं जेवायला बसणं हाच कायदेभंग. मार्टिन ल्यूथर किंग, थर्गूड मार्शल, फ्रीडम रायडर्स, सगळे इथे जेवलेत. हॉटेल लोकांचं इतकं लाडकं, की पोलीस आत शिरून दंगा ओढवून घेत नसत, असं सांगतात. एकदा मात्र बॉम्ब फेकला गेला. लीयाबाईंनी दुकान बंद केलं नाही.

१७ सप्टेंबर १९६० ला त्याच शहरात चार विद्यार्थी, तीन कृष्णवर्णीय आणि एक गोरा, एका दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर बसले. नुसते बसले! अटक झाली. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांची शिक्षा रद्द केली आणि १९६४ च्या कायद्यानं देशभर हॉटेलांची दारं सगळ्यांना उघडी झाली. लीयाबाई म्हणायच्या, की आमच्या गंबोच्या वाटीवर अमेरिकेची दिशा बदलली.

२००५ मध्ये कट्रीना वादळात हॉटेलात पाणी शिरलं. त्या तेव्हा ८२ वर्षांच्या. समोरच एका ट्रेलरमध्ये राहिल्या आणि २००७ मध्ये हॉटेल परत उघडलं. ओबामांनी चव न घेताच गंबोवर हॉट सॉस ओतला म्हणून त्यांच्या हातावर चापट मारल्याचं त्या स्वतः सांगायच्या. २०१९ मध्ये, ९६ व्या वर्षी, त्या गेल्या. ईस्टरआधीच्या गुरुवारी तिथे विषम संख्येच्या पालेभाज्या घालून हिरवा गंबो करतात. जेवढ्या भाज्या, तेवढे नवे मित्र मिळतात म्हणे. मला आपली ऋषीपंचमीची भाजी आठवली.

जाता जाता

न्यू ऑर्लिन्समध्ये एक शब्द आहे, लान्याप. दुकानदारानं वरून दिलेलं थोडं जास्तीचं. आपण भाजीवालीकडून वर मागतो ती कोथिंबीर! तर ह्यूस्टनच्या मैत्रिणी, हा तुझा लान्याप: पुढच्या वेळी फ्राइज नको, गंबो माग. आधी चव घे, मग सॉस. आणि त्या गोंगाटात आजूबाजूला बघ. वेगवेगळ्या रंगांची माणसं एकाच टेबलावर हात बरबटून जेवतायत. ही साधी गोष्ट मिळवायला कुणीतरी तुरुंगात गेलंय.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर तुम्ही पहिल्यांदा कुठल्या हॉटेलात मेनूकार्ड बघून गोंधळलात, त्याची व्हॉइस नोट पाठवा. ऐकत राहा, खात राहा!