शेपटीने कुत्रा हलवला तर? अमेरिकेचं राजकारण आणि तिथलेच सिनेमे

भ्रष्टाचार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबलाखालून सरकवलेलं पाकीट येतं. पण अमेरिकेच्या राजकारणाची खिल्ली उडवणारे तिथलेच सिनेमे सांगतात की पाकिटाशिवायही हे काम चालतं.

१९९२ चा 'द डिस्टिंग्विश्ड जेंटलमन' घ्या. यात एडी मर्फी ठग आहे. वारलेल्या खासदाराचं आणि याचं नाव एकच. लोक ओळखीचं नाव बघून मत देतात आणि ठग संसदेत पोहोचतो. तिथे एक लॉबिस्ट, म्हणजे कंपन्यांसाठी खासदारांना गाठणारा माणूस, त्याला विचारतो, साखरेच्या सरकारी भावाला तुमचा पाठिंबा आहे का? असेल तर साखरवाले पैसे देतील, नसेल तर चॉकलेट-गोळ्यावाले देतील. भूमिका कोणतीही घ्या, पैसा ठरलेलाच! अमेरिकेत लॉबिंग हा कायदेशीर धंदा आहे. सिनेमाचा सवाल एवढाच की कायद्यात बसलं म्हणजे जायज झालं का?

१९९७ चा 'वॅग द डॉग' पुढचं पाऊल टाकतो. कुत्रा शेपूट हलवतो, पण शेपटीनेच कुत्रा हलवला तर? नावाचा अर्थ हाच. निवडणूक तोंडावर आणि राष्ट्राध्यक्षावर मुलीशी गैरवर्तनाचा आरोप. लोकांचं लक्ष वळवायला त्याची माणसं हॉलिवूडच्या निर्मात्याकडून अल्बानियाशी खोटं युद्ध तयार करून घेतात. अल्बानियाच का? कारण अमेरिकनांना त्या देशाची काही माहितीच नाही. स्टुडिओत एक मुलगी चिप्सचं पाकीट छातीशी धरून पळते. टीव्हीवर त्या पाकिटाचं मांजरीचं पिल्लू होतं आणि ती युद्धातून पळणारी मुलगी ठरते.

पुढच्याच वर्षी, १७ ऑगस्ट १९९८ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी मोनिका लेविन्स्की प्रकरणात कबुली दिली. तीन दिवसांनी अमेरिकेने अफगाणिस्तान आणि सुदानवर क्षेपणास्त्रं डागली. खार्तूममधली औषधांची फॅक्टरी उद्ध्वस्त झाली. तिथे रासायनिक शस्त्रांचं सामान बनतं, हा दावा सर्वांना पटेल असा कधीच सिद्ध झाला नाही. पत्रकारांनी अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांना या सिनेमाबद्दल थेट विचारलं.

मात्र दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. त्याआधी ७ ऑगस्टला केनिया आणि टांझानियातल्या अमेरिकी दूतावासांवर खरोखर हल्ले झाले होते. दोनशेहून जास्त जीव गेले, त्यात बहुतेक आफ्रिकन होते. म्हणून सिनेमा बघून 'सगळं बनावटच' म्हणणं हीसुद्धा तहकीक नव्हे. सरकारचं म्हणणं आंधळेपणाने मानणं आणि सगळंच खोटं ठरवणं, दोन्हीत मेहनत टाळलेली असते.

सूरह हुजुरातमध्ये खबर आली की आधी तहकीक करा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल, अशी ताकीद आहे. 'वॅग द डॉग'मध्ये शिवीगाळ बरीच आहे, लहान मुलांना दाखवू नका. पण मोबाईलवर एखादा व्हिडिओ आला की तीन सवाल मात्र घरात सर्वांना शिकवा: हा कुणी बनवला, कधीचा आहे आणि यात फायदा कुणाचा? उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवू नका.