कापणाऱ्याशी मांडलेला डाव

भिलाईच्या रेल मिलमधून आता 130 मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो. असे दोन रूळ कारखान्यातच जोडून 260 मीटरचे पॅनेल रेल्वेच्या हवाली होते. एके काळी दर 13 मीटरला सांधा असायचा आणि त्याचा खडखडाट प्रवाशाला झोपेतही ऐकू यायचा. 1955 च्या सोव्हिएत कराराने इथला पोलाद कारखाना ठरला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. तेव्हापासून रुळांच्या बाबतीत तरी या गावाची हुशारी सांधे कमी करण्यात खर्ची पडली आहे. अशा गावात बसून ज्या कारागिरीबद्दल लिहायचे आहे, तिचा धर्म नेमका उलटा आहे. तिथे चांगली अखंड फळी मुद्दाम शेकडो ठिकाणी तोडतात आणि ती पुन्हा जोडताना समोरच्याला घाम फुटावा म्हणून जिवाचे रान करतात. ही कारागिरी म्हणजे हाताने कापलेले लाकडी जिगसॉ.

पुठ्ठ्याचे जिगसॉ आपल्या ओळखीचे आहे. छापील चित्र पुठ्ठ्यावर चिकटवायचे, त्यावर धारदार पोलादी पट्ट्यांचा साचा दाबायचा, की तुकडे तयार. तोच साचा उद्या दुसऱ्या चित्रावर चालतो. त्यामुळे ताजमहाल जोडा नाहीतर स्वित्झर्लंड, तुकड्यांचे आकार तेच असू शकतात. कोडे अवघड करायचे तर तुकडे वाढवायचे किंवा चित्रात निळे आकाश जास्त घ्यायचे, एवढाच उपाय. अशा कोड्यात आपली गाठ चिकाटीशी पडते, माणसाशी पडत नाही.

हाताने कापलेल्या कोड्यात ती माणसाशी पडते. पातळ प्लायवुडवर चित्र चिकटवलेले असते. कारागीर यांत्रिक करवतीसमोर बसतो. पाते स्थिर जागी वरखाली होत असते आणि तो दोन्ही हातांनी फळी फिरवत जातो. पाते इतके बारीक की त्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. कसलेले कारागीर बहुधा आधी रेघा आखत नाहीत, चित्र बघत बघत कापतात. कुठे वळायचे, कुठे फसवायचे, हे हात चालू असतानाच ठरते. म्हणून एकाच चित्राची दोन कोडी एकाच माणसाने कापली तरी ती सारखी होत नाहीत.

या खेळाची सुरुवात मात्र फसवण्यासाठी झाली नव्हती. 1760 च्या दशकात लंडनचा नकाशाकार जॉन स्पिल्सबरी याने नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी विकले. मोठ्यांना याचे वेड लागले ते 1908 च्या सुमारास, अमेरिकेत. तेव्हा 500 तुकड्यांच्या लाकडी कोड्याला पाच डॉलर पडत आणि सामान्य कामगाराची महिन्याची कमाई होती 50 डॉलर. तरीही मागणी इतकी, की पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने 1909 मध्ये बाकीचे खेळ बाजूला ठेवून सगळा कारखाना जिगसॉला जुंपला. पुढे महामंदी आली. लोकांकडे पैसा नव्हता, वेळ मात्र भरपूर होता. पुठ्ठ्याची स्वस्त कोडी निघाली आणि 1933 च्या सुरुवातीला त्यांची विक्री आठवड्याला एक कोटीपर्यंत पोचली. पुस्तकांसारखी कोडीही भाड्याने मिळू लागली.

त्याच मंदीत, 1932 मध्ये, फ्रँक वेअर आणि जॉन हेन्रिक्स या दोन बेकार तरुणांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर लाकडी कोडी कापायला घेतली. त्यांच्या ‘पार’ कोड्यांचे गिऱ्हाईक श्रीमंत होते आणि त्याला सोपे काही नको होते. पारने मग अवघडपणाचे एक शास्त्रच उभे केले. पेटीवर चित्र द्यायचे नाही. कोड्याला नाव द्यायचे, पण दिशाभूल करणारे. बाहेरची कड सरळ न ठेवता वेडीवाकडी कापायची, म्हणजे ‘आधी कडा लावून घेऊ’ हा प्रत्येकाचा हुकमी मार्ग बंद. वर प्रत्येक कोड्यावर ते किती वेळात सुटायला हवे याचा आकडा लिहायचा, म्हणजे घमेंड असलेल्याची रात्रीची झोप गेलीच. आपली सही म्हणून त्यांनी समुद्रघोड्याच्या आकाराचा एक तुकडा ठेवला.

ही गादी पुढे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील ‘स्टेव्ह’ या कंपनीने चालवली. स्टीव्ह रिचर्डसन आणि डेव्ह टिबेट्स या दोघांनी 1974 मध्ये ती सुरू केली आणि दोघांची नावे एकत्र करून कंपनीचे नाव ठेवले. तिच्या कोड्यांची किंमत शेकड्यांपासून हजारो डॉलरपर्यंत जाते आणि बिल गेट्स तिच्या चाहत्यांपैकी एक. रिचर्डसनने स्वतःला पदवी घेतली होती ‘मुख्य छळकर्ता’. ती पोकळ नव्हती. 1989 च्या एप्रिल फूलसाठी त्याने ‘पाच सोपे तुकडे’ नावाचे कोडे विकले. तुकडे खरोखर पाचच होते, फक्त ते जुळणे अशक्य होते. गिऱ्हाइके खवळली आणि पैसे परत करावे लागले. या प्रकरणातून धंद्याचा एक अलिखित नियम दिसतो. फसवणूक कितीही खोल असू दे, ती न्याय्य हवी, उत्तर असलेच पाहिजे. पहिलवानाला तगडा प्रतिस्पर्धी चालतो, पण आखाड्याखाली खड्डा खणलेला चालत नाही.

न्याय्य फसवणुकीच्या युक्त्या बघण्यासारख्या आहेत. पहिली युक्ती रंगाच्या रेषेवरून कापण्याची. लाल साडी जिथे संपते आणि हिरवे शेत सुरू होते, नेमक्या त्या रेषेवरून पाते न्यायचे. मग एका तुकड्यावर फक्त लाल, शेजारच्यावर फक्त हिरवे. ते शेजारी आहेत याचा पुरावा दोन्हींपैकी एकावरही नाही. दुसरी युक्ती कोपऱ्याची. खरा कोपरा मधोमध चिरून दोन तुकड्यांत वाटायचा आणि चित्राच्या मध्यभागी खोटे काटकोन पेरायचे. तिसरी, सरळ कडेचे तुकडे आत लपवायचे. चौथी, एकच तुकडा दोन ठिकाणी चपखल बसेल असा कापायचा. चुकीच्या जागी तो तासभर निमूट बसतो आणि भलत्याच कोपऱ्यात काम अडते. स्टेव्हने यापुढची पायरी गाठली. प्रवाळात अडकलेल्या ‘ऑलिव्हिया’ नावाच्या अष्टपादाचे त्यांचे कोडे कितीतरी प्रकारे जुळते, बरोबर मात्र एकाच प्रकारे.

आणखी एक गंमत आकृतीच्या तुकड्यांची. कुत्रा, छत्री, तारा, नाचणारा माणूस अशा आकाराचे तुकडे मध्येमध्ये कापलेले असतात. नवख्याला वाटते, ही मदत आहे. प्रत्यक्षात छत्रीच्या दांड्याभोवती येणाऱ्या चिंचोळ्या तुकड्यांना कुठलाच ओळखीचा आकार उरत नाही. देखणे ते एकट्या छत्रीच्या वाट्याला, अवघड ते शेजाऱ्यांच्या.

आता सोडवणाऱ्याच्या बाजूने पाहू. पेटी उघडली की समोर लाकडाचा ढीग, चित्र नाही, धड कडाही नाहीत. पहिला तासभर माणूस तुकडे फक्त सुलटे करतो आणि रंगांनुसार वाटे घालतो. बऱ्याच जुन्या कोड्यांचे तुकडे एकमेकांत अडकतही नाहीत, नुसते शेजारी टेकतात. कुणी टेबलाला धक्का दिला, की अर्ध्या रात्रीची कमाई सरकली. दुसऱ्या दिवशी केव्हातरी डोळ्यांचा उपयोग कमी होतो आणि बोटे कामाला लागतात. लाकडाच्या रेषा, कडेचा किंचित कल, वळणाची गोलाई हेच पुरावे. मग एक क्षण असा येतो, की कापणाऱ्याची खोड सापडते. हा गृहस्थ डावीकडे वळताना नेहमी लांब शेपटी सोडतो. चेहरा आला की तो नाकावरून कापत नाही. खोटा कोपरा पेरला, की खरा त्याच्या आसपासच कुठेतरी लपवतो. ज्याला कधी पाहिले नाही, ज्याची भाषा येत नाही, त्याच्या मनाची चाल आपल्याला कळू लागते. अवघड कोड्याचा खरा आनंद मला यात दिसतो. पुरे झालेले चित्र बहुधा सामान्यच असते आणि कोडे सुटल्यावर त्याच्याकडे कुणी फार वेळ बघत नाही.

फ्रेंच कादंबरीकार जॉर्ज पेरेकला हे नेमके उमगले होते. 1978 मध्ये आलेल्या त्याच्या मोठ्या कादंबरीत एक श्रीमंत इंग्रज आपल्या 500 जलरंगचित्रांची प्रत्येकी 750 तुकड्यांची लाकडी कोडी करून घेतो आणि ती सोडवण्यात उरलेले आयुष्य घालवतो. कोडी कापणारा कारागीर विंकलर प्रत्येक कोड्यात त्याच्यासाठी सापळे लावून ठेवतो. हा खेळ एकट्याने खेळायचा दिसला तरी एकट्याचा नसतो, समोरच्याने आपल्या सगळ्या चाली आधीच खेळून ठेवलेल्या असतात, असा पेरेकचा दावा होता.

याची उलट बाजू ‘इटर्निटी’ नावाच्या कोड्यात दिसली. 1999 मध्ये ब्रिटनमध्ये क्रिस्टोफर मंक्टन याने 209 तुकड्यांचे हे कोडे आणले. त्यावर चित्र नव्हते आणि बक्षीस होते दहा लाख पौंड. ॲलेक्स सेल्बी आणि ऑलिव्हर रिऑर्डन या दोन गणितज्ञांनी संगणक लावून 2000 मध्येच ते सोडवले. 2007 च्या दुसऱ्या ‘इटर्निटी’त 256 चौकोनी तुकडे होते आणि बक्षीस होते 20 लाख डॉलर. 2010 अखेरची मुदत संपली, बक्षिसाला हात लावणारा कुणी निघाला नाही. त्याच 2007 मध्ये एरिक आणि मार्टिन डिमेन या पितापुत्रांनी सिद्ध केले, की चित्राचा आधार काढून घेतला तर जिगसॉ गणिताच्या अतिशय अवघड प्रश्नांच्या पंक्तीत बसते. म्हणजे नुसता अवघडपणा हवा असेल, तर तो गणित हवा तेवढा पुरवते. पण ‘इटर्निटी’च्या तुकड्यांत कुणाची खोड सापडत नाही. तिथे हरलो तर शक्यतांच्या संख्येशी हरतो, कुणा माणसाच्या चतुराईला दाद देऊन नाही.

आता परदेशात लेसरने कापलेली लाकडी कोडीही निघतात. ती सुबक असतात, त्यातही आकृतीचे तुकडे असतात आणि किंमत हाताने कापलेल्यापेक्षा पुष्कळ कमी. पण एकदा आखणी झाली, की पहिल्या गिऱ्हाइकाला जे कोडे तेच हजाराव्याला. तुमच्यासाठी म्हणून कुणी कापलेले नसते. हाताने कापणाऱ्याकडे गिऱ्हाईक आपल्या बायकोचे नाव, कुत्र्याचा आकार, लग्नाची तारीख तुकड्यांत दडवून मागू शकते.

अशा कोड्यांचे हजारो डॉलर आपल्याला परवडणारे नाहीत आणि त्यांची गरजही नाही. फाउंड्रीतल्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न घडवणाऱ्या, मिलिमीटरचा हिशेब बोटांत मुरलेल्या निवृत्त कारागिरांची भिलाईसारख्या गावात वाण नसावी. लागते ते चार मिलिमीटरचे चांगले प्लायवुड, फेव्हिकॉल, फ्रेटसॉ ही हातकरवत आणि बारीक पात्यांचे पाकीट. चित्र चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवावे. मागच्या बाजूला सेलोटेप लावावी, म्हणजे चिरफळ्या उडत नाहीत. पाते काटकोनात धरावे, नाहीतर तुकडा एकाच बाजूने आत जातो. आधी फळीचे दोन भाग करावेत, मग चार, आणि मग तुकडे. आपल्याकडे कॅलेंडरावर बहुधा देवादिक असतात आणि त्यांच्यावर करवत चालवायला कुणाचा हात धजणार नाही, तेव्हा चित्र घरातल्या एखाद्या लग्नाच्या ग्रुप फोटोचे घ्यावे. कडा वाकड्या कापाव्यात, मध्ये एखादा मोदक, एखादे तुळशीवृंदावन पेरावे आणि फोटो कुठला ते सांगू नये.

दिवाळीत किंवा गणपतीत घर भरलेले असताना हे कोडे सतरंजीवर ओतून द्या. पन्नास-साठ तुकडे पहिल्या वेळेला पुरेत. कापणाऱ्याने तोंड बंद ठेवायचे, एवढी एकच अट पाळा. आणि घरातल्या आजोबांना फ्रेटसॉ चालवता येत असेल, तर या सुट्टीत नातवंडांना त्यांच्या शेजारी बसवा. पाते कसे वळवायचे ते बघून आणि हाताला धरूनच शिकवावे लागते.