ढीग कुठे साचतो?

आधी एक साधे गणित सोडवा. घरी करंज्या चालल्या आहेत. ताई पारी लाटते. तिला एका पारीला १ मिनिट लागते. आई सारण भरते, कडा चिकटवते आणि कातण्याने कापते. तिला एका करंजीला २ मिनिटे लागतात. काकू तळते, १० करंज्यांचा घाणा १० मिनिटांत निघतो. तर तासाला करंज्या किती होतील?

उत्तर आहे ३०. ताई तासात ६० पाऱ्या लाटते, काकू ६० करंज्या तळू शकते. पण मधल्या पायरीवर ३० च भरून होतात. आता समजा, ताईने कंबर कसली आणि आपला वेग दुप्पट केला. करंज्या किती वाढतील? एकही नाही! वाढेल तो फक्त पाऱ्यांचा ढीग. त्या पाऱ्या सुकतील, कडा चिकटणार नाहीत आणि करंजी तेलात उकलेल. म्हणजे ताईची घाई नुसती वाया गेली नाही, तिने नुकसानही केले.

याउलट आजी आईच्या जोडीला बसली आणि तेवढ्याच वेगाने भरू लागली, तर तासाला ६० करंज्या होतील. तिघींच्या चौघी झाल्या, पण काम मात्र दुप्पट झाले! ओळीने चालणाऱ्या कामाचा वेग सर्वांत मंद पायरी ठरवते. म्हणून सुधारणा करायची ती त्या पायरीवर. आणि ती पायरी ओळखायची कशी? जिच्या अलीकडे ढीग साचतो, ती!

कारखान्यातील उत्पादनालाही हाच नियम लागू पडतो. तेथे पायऱ्यांची आखणी कशी करतात, याचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. अमेरिकेत डेट्रॉइटजवळ हायलंड पार्क येथे हेन्री फोर्ड यांचा मोटारींचा कारखाना होता. मोटारीच्या इंजिनात ठिणगी पडण्यासाठी लागणारी वीज मॅग्नेटो नावाचा भाग निर्माण करी. एक कामगार एकट्याने असा मॅग्नेटो सुमारे २० मिनिटांत जोडत असे. १९१३ मध्ये त्या कामाचे २९ लहान भाग पाडून ते ओळीने उभ्या असलेल्या कामगारांना वाटून दिले. एका मॅग्नेटोला लागणारी मेहनत १३ मिनिटे १० सेकंदांवर आली. १९१४ मध्ये ती ओळ फक्त ८ इंच उंच केली आणि वेळ ७ मिनिटांवर उतरला! कारण उघड आहे : कामगाराला वाकावे लागेनासे झाले. ‘हात चालवा’ असे ओरडून जे साधले नसते, ते ८ इंचांनी साधले.

पण माणूस म्हणजे यंत्राचा दाता नव्हे. दिवसभर तेच ते काम करून कंटाळलेले कामगार भराभर नोकरी सोडू लागले. अखेर जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी कामाचा दिवस ९ तासांवरून ८ तासांवर आणला आणि पात्र कामगारांना दिवसाला ५ डॉलर देण्याचे जाहीर केले.

ढीग साचूच नये यासाठी काय करावे, याचा विचार जपानमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटा कंपनीकडे मोठे साठे करण्याइतका पैसा नव्हता. तेथील अभियंते ताइइची ओनो यांना अमेरिकेतील सुपरमार्केटच्या पद्धतीतून युक्ती सुचली. गिऱ्हाईक जेवढा माल उचलते, तेवढाच फळीवर पुन्हा भरायचा! पुढच्या पायरीने सुटे भाग उचलले, की मागच्या पायरीकडे एक कार्ड जाते. त्याला ‘कानबान’ म्हणतात. कार्ड आल्याखेरीज नवा भाग करायचा नाही. यामुळे जागा आणि पैसा वाचतोच, पण दोषही लपत नाही. एखादा भाग बिघडला तर तो ढिगात दडून न राहता लगेच समोर येतो.

मग साठा अगदी नकोच का? १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या मोटारींच्या ब्रेकमधील एक छोटी झडप जवळजवळ सर्वच्या सर्व तेथेच तयार होत असे. तिचा साठा जेमतेम काही तासांचा! पाहता पाहता टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने थांबले. इतर अनेक कारखान्यांनी आपापल्या यंत्रांवर घाईने ती झडप तयार करून दिली, तेव्हा कुठे आठवडाभरात गाडे रुळावर आले. तात्पर्य, साठा डोंगराएवढा नको, तसाच अगदी नावापुरताही नको. आणि एकाच ठिकाणावर सारी भिस्त तर मुळीच नको.

आता एक प्रयोग तुम्हीच करा. चार मित्र मिळून वर्गाच्या वाचनालयातील पुस्तकांना कव्हरे घाला. एकाने कागद कापावा, दुसऱ्याने कव्हर घालावे, तिसऱ्याने चिकटवावे, चौथ्याने नाव लिहावे. १५ मिनिटांत किती पुस्तके पूर्ण झाली आणि ढीग कोणापुढे साचला, ते वहीत टिपा. मग वेग न वाढवता, फक्त कामाची वाटणी बदलून पुन्हा १५ मिनिटे काम करा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा.