कुजण्यासाठी लावलेली फळी

माथेरान-पाचगणीचे जुने बंगले असोत की गिरगावातल्या खोताची वाडीतली घरे, कौलारू छपराच्या कडेला कातरलेली लाकडी झालर दिसली की आपण तिला नक्षी समजून मोकळे होतो. दुरुस्तीचा खर्च वाढू लागला की अंदाजपत्रकातून पहिल्यांदा तीच गळते. कोणी तिच्या जागी पीव्हीसीची पट्टी ठोकतो, कोणी पत्र्याची, कोणी काहीच लावत नाही. हिशेब वरवर बरोबर वाटतो, पण त्यात झालरीचे काम धरलेलेच नसते. तिच्यामागे वाशांची टोके असतात आणि त्यांच्या वाटणीचा पाऊस स्वतःवर घेणे हे तिचे काम असते. त्यामुळे वीस-पंचवीस पावसाळ्यांनी ती कुजली तर तिने आपले काम केले, इतकेच म्हणता येईल. सायकलच्या ब्रेकचे रबर झिजले म्हणून ते खराब होते असे कोणी म्हणत नाही. मुद्दा एवढाच, की ही फळी बदलता येण्याजोगी हवी आणि ती लाकडाचीच हवी.

लाकूड भिजते ते सगळीकडून सारखे नाही. झाड उभे असताना मुळांचे पाणी शेंड्याकडे नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या खोडाच्या लांबीला असतात, आणि लाकूड कापल्यावरही त्या तशाच राहतात. वाशाच्या अंगावर पडलेले पाणी बरेचसे ओघळून जाते. कापलेल्या टोकातून मात्र ते कितीतरी पट वेगाने आत शिरते. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणाऱ्या बुरशीला सहसा वाव मिळत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने झोडपणाऱ्या पावसात उघडे टोक ही मर्यादा सहज ओलांडते, आणि वासा टोकाकडून आत कुजत जातो. वासा बदलायचा म्हणजे कौले उतरवा, रिपा काढा, भिंतीवरचा सांधा मोकळा करा. झालर बदलायला शिडी आणि दोन माणसे पुरतात. कष्टांमधला हा फरक लक्षात घेतला की जुन्या सुतारांचे तर्कशास्त्र स्पष्ट होते. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला, पुढे यंत्रावरची सारख्या मापाची कौले किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली आणि छपराची कडही सरळ रेषेत आली. शेवटच्या ओळीचे कौल खाली झुकू नये म्हणून त्याला किंचित उचलून धरावे लागते. पुष्कळ घरांत तेही काम कडेच्या फळीकडे आले.

झालरीची घडणही याच विचाराची आहे. आडव्या लांब फळीच्या खालच्या कडेला पाकळ्या कापल्या तर प्रत्येक पाकळीच्या मानेशी लाकडाची रेघ आडवी येते आणि वाऱ्याच्या एका तडाख्यात पाकळी तुटते. म्हणून चांगल्या कामात चार-पाच इंच रुंदीच्या उभ्या फळ्या शेजारीशेजारी लावतात. रेघ वरून खाली, टोकापर्यंत सलग जाते. टोक निमुळते ठेवण्यात सौंदर्य आहेच, पण पाणीही त्या एका बिंदूशी गोळा होऊन तुटते, मागे वळत नाही. खालच्या टोकाला लाकूड उघडे पडते, हा या पद्धतीचा दोष खरा. त्यासाठी रंगाआधी टोके अळशीच्या तेलात मुरवून घ्यायची. कोकणात काजूच्या टरफलांचे तेलही वापरतात, वाळवीलाही ते आवडत नाही. दोन फळ्यांत बारीक फट ठेवावी लागते, कारण साग लांबीत जवळजवळ हलत नसला तरी रुंदीत पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आटतो. फळी वाशाच्या टोकाला घट्ट चिकटवू नये. मध्ये अर्धा इंच वारा खेळला तर दोन्ही लाकडे वाळतात. खिळ्यांऐवजी पितळी स्क्रू वापरले की गंज लाकडात उतरत नाही आणि पुढच्या वेळी फळी न फोडता काढता येते. साच्यासाठी जुन्या झालरीतली सर्वांत शाबूत फळी घ्यावी, झिजलेली नव्हे. नाहीतर प्रत्येक दुरुस्तीत नक्षी थोडी थोडी बोथट होत जाते.

पन्हळीची गोष्ट वेगळी आहे. कोकणातल्या पुष्कळ घरांना पन्हळ नसेच. छप्पर भिंतीच्या बाहेर लांब काढायचे आणि पागोळ्यांखाली चर ठेवायचा, एवढी व्यवस्था पुरे. जिथे पाणी वळवायचे असे तिथे पोफळीचे खोड उभे चिरत. पोफळीचे लाकूड बाहेरून कठीण आणि आत भुसभुशीत असते, त्यामुळे गाभा खरवडला की तयार पन्हळ हाती येते. काही वर्षांनी ती कुजायची आणि नवी लागायची. बागेत पोफळी असतच. आज तिचा आग्रह धरण्यात मला अर्थ दिसत नाही. 30 चौरस मीटर जागा झाकणाऱ्या छपरावर तासाला 100 मिलिमीटर पाऊस पडला तर मिनिटाला 50 लिटर पाणी उतरते. ते वाहून न्यायला दहा फुटांना अर्धा-एक इंच उतार असलेली पत्र्याची पन्हळ अधिक भरवशाची. अट एकच: तिचे कोयंडे थेट झालरीत ठोकू नयेत. पानांनी तुंबलेली पन्हळ मागच्या बाजूने ओसंडते, आणि जी टोके वाचवायची तीच रात्रभर भिजत राहतात.

मग झालरही पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची का नको? ही वस्तू कुजत नाही, हा तिचा गुण सांगितला जातो. माझ्या मते इथे तोच तिचा दोष आहे. सलग पट्टीच्या मागे ओल कोंडते, आणि पुढची बाजू वर्षानुवर्षे टवटवीत दिसत असल्याने मागे काय चालले आहे ते कळत नाही. लाकडी फळी काळवंडते, तिचा रंग फुगतो, बोटाने दाबली तर मऊ लागते. म्हणजे वेळेवर सांगते. शिवाय तिची एक फळी बदलता येते. प्लॅस्टिकची पट्टी उन्हाने तडकली तर तोच नमुना दहा वर्षांनी बाजारात मिळेलच असे नाही.

सागवान महाग आहे आणि जंगलही तोडायचे नाही, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सागाच्या टिकाऊपणाचा पुरावा द्यायला मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ पुरेशी आहे: 1817 साली पाण्यात उतरलेली ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पण तिलाही दहा वर्षांहून अधिक काळ चाललेली मोठी दुरुस्ती लागली. आणि टिकतो तो सागाचा गाभा. बाहेरचे पांढरे लाकूड लवकर कुजते आणि वाळवीला सोपे पडते, आणि कोवळ्या झाडात तेच जास्त असते. तेव्हा नव्या स्वस्त सागापेक्षा पाडलेल्या इमारतींतले जुने लाकूड बरे. सहा बाय आठ इंचांच्या दहा फुटी तुळईतून दीड फूट लांबीच्या सुमारे 48 फळ्या निघतात, म्हणजे अंदाजे पंधरा फूट झालर. आत लपलेले खिळे करवतीचे दात घालवतात, ते आधी काढून घ्यावेत. इतकेही परवडत नसेल तर सगळी झालर बदलू नये. कुजलेल्या फळ्याच बदलाव्यात.

यावर जतनाच्या क्षेत्रातली मंडळी विचारतील की जुन्यासारखी नवी फळी लावणे म्हणजे खोटेपणा नाही का? 1964 च्या व्हेनिस सनदेनुसार नवा भाग एकूण वास्तूशी जुळावा, पण मूळ भागापासून ओळखूही यावा. फळीच्या मागच्या बाजूला बदलल्याचे साल कोरले की ही अट माफक खर्चात भागते, आणि पुढच्या सुतारालाही कोणती फळी किती टिकली ते कळते. खोटेपणा शोधायचाच तर तो सिमेंटच्या सपाट स्लॅबच्या कडेला चिकटवलेल्या फायबरच्या झालरींत शोधावा. तिथे वाचवायला वाशाचे टोकच नाही. सागवानाची लावली तरी फरक पडत नाही.